मोडीएक्स, एक्सपीएस-३०, ऑपसिक्स की मायक्रोफ्रीक: एकच डिजिटल सिंथ घ्यायचा तर कोणता?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवता, आजवर अरेंजर कीबोर्डवर (तयार ताल आणि साथ देणाऱ्या) भागवलंत, आता एकच हार्डवेअर सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे आवाज घडवता येणारं वाद्य) घ्यायचाय. त्यात स्वतःचे आवाज मनासारखे बनवता यावेत आणि वापरायला तो किचकट नसावा. यामाहाचा मोडीएक्स, रोलँडचा एक्सपीएस-३०, कॉर्गचा ऑपसिक्स आणि आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक अशी चार नावं तुम्ही दिली आहेत.

मीही सोलापुरातच वाजवतो. लग्नं, गणपती, नवरात्र, अधूनमधून हुतात्मा स्मृती मंदिरात एखादा कार्यक्रम. म्हणून सरळ सांगतो, तुम्ही एका यंत्राकडून दोन वेगळी कामं मागताय. घरी निवांत बसून आवाज घडवणं हे एक, आणि स्टेजवर तो वेळेत हाताशी येणं हे दुसरं. पहिल्यात मजा देणारा सिंथ दुसऱ्यात रडवू शकतो.

आधी स्टेजचं बघू. निवेदक गाण्याचं नाव सांगतोय आणि गायिका मागे वळून म्हणते, "दादा, आज गळा बसलाय, काळी पाच नको, पांढरी सहावर घ्या." तुमचा उजवा हात बासरीवर, डावा स्ट्रिंग्जवर, मध्ये स्प्लिट (कीजचे दोन भाग, दोन वेगळे आवाज). अशा वेळी ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) बोटाशी हवा. त्यासाठी मेन्यूत शिरावं लागलं तर ढोलकीवाला तुमच्याकडे बघत बसणार. दुसरं म्हणजे टोन (तयार आवाज) बदलताना आधीचा सूर तुटता कामा नये. मुखड्याचे स्ट्रिंग्ज लांबलेत, अंतऱ्याला सतार घ्यायचीय, बटण दाबलं आणि स्ट्रिंग्ज कापल्यासारखे थांबले, तर ते शेवटच्या रांगेतही कळतं. दुकानात डेमो गाणी ऐकण्यापेक्षा या दोन गोष्टी करून बघा.

या परीक्षेत एक्सपीएस-३० आरामात पास होतो. भारतीय टोन आहेत, यूएसबीवरून स्वतःची सॅम्पल्स (रेकॉर्ड केलेले आवाज) घेता येतात, त्यामुळे संबळ नाहीतर तुणतुणं रेकॉर्ड करून कीजवर टाकता येतं. आपल्याकडे एका रात्रीत मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही फर्माइशी येतात, तिथे हा हात देतो. सेलवरही चालतो. त्यावर फार हुरळू नका, जनरेटर बसला की स्पीकरही बसतात. पण लाइट आल्यावर सिंथ पुन्हा चालू व्हायची वाट बघावी लागत नाही, एवढा फायदा खरा. मात्र टोनच्या पोटात शिरून काही करायचं म्हटलं की छोटी स्क्रीन आणि पानामागून पानं.

हे पानांचं दुखणं जुनं आहे. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ पासून ते लोकांच्या अंगवळणी पडलं. एफएम पद्धत (एका लहरीने दुसरीला हलवून आवाज घडवायचा), ६ ऑपरेटर (लहरी काढणारे भाग), त्यांच्या जोडण्यांचे ३२ अल्गोरिदम, एका वेळी १६ सूर. प्रत्येक ऑपरेटरच्या एन्व्हलपला (आवाज कसा चढतो-विरतो ते ठरवणारा भाग) ४ रेट म्हणजे वेग आणि ४ लेव्हल म्हणजे पातळ्या, म्हणजे नुसत्या एन्व्हलपचेच ४८ आकडे. आणि हे सगळं बदलायला सपाट बटणं, दोन ओळींची स्क्रीन आणि एक स्लायडर! यंत्र अफाट होतं, पण बहुतेकांनी कंपनीचे तयार आवाजच वाजवले. आवाज डिजिटल म्हणून अवघड झाला असं नाही, पॅनलवरच्या नॉबला पैसे पडतात म्हणून झाला. रोलँडच्या जेडी-८०० ने १९९१ मध्ये आणि नॉर्ड लीडने १९९५ मध्ये भरपूर स्लायडर-नॉब देऊन हे दाखवूनही दिलं.

ऑपसिक्स मला आवडतो तो याचसाठी. ऑपरेटर तेच सहा, पण प्रत्येकाला समोर स्वतःचा नॉब आणि स्लायडर. घंटेचा आवाज करून बघा. एक ऑपरेटर कॅरिअर, म्हणजे जो ऐकू येतो तो; त्याचा रेशो (मूळ सुराच्या किती पट) १. दुसरा त्याला मॉड्युलेट करणारा, म्हणजे हलवणारा, त्याचा रेशो २ ठेवून स्लायडर वर न्या: आवाज उजळतो, पण सुरेल राहतो. आता रेशो ३.५ करा. वरचे स्वर मूळ सुराच्या पटीत राहत नाहीत, आणि देवळातल्या घंटेसारखा धातूचा नाद येतो. त्या दुसऱ्या ऑपरेटरचा डिके (विरण्याचा वेळ) कमी केला की टोल्याचा 'टण्' आधी विरतो आणि मागे गुंजन उरतं. डीएक्स-७ वर यासाठी जेवढी बटणं दाबावी लागतात, तेवढ्यात इथे आवाज तयार होतो. डीएक्स-७ चे पॅचही (साठवलेले आवाज) यात घेता येतात. पण की फक्त ३७. दोन हातांनी स्प्लिट वाजवणाऱ्याला हे अंगाला आखूड झालेल्या सदऱ्यासारखं वाटतं.

मायक्रोफ्रीक घरासाठी झकास, ऑर्केस्ट्रासाठी नाही. त्याच्या २५ की दाबल्याच जात नाहीत, नुसत्या स्पर्शावर चालतात. हार्मोनियमवर बसलेला हात तिथे बावचळतो. शिवाय चार सूर वाजले तरी सगळ्यांना मिळून फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग) एकच.

राहिला मोडीएक्स. आवाजाच्या बाबतीत चौघांत हाच सर्वांत मोठा. सॅम्पलवर चालणारं इंजिन आणि ८ ऑपरेटरचं एफएम-एक्स, दोन्ही एकाच पेटीत. सुरुवातीला डोकं फिरतं, कारण परफॉर्मन्सच्या (एकत्र जुळवून साठवलेल्या आवाजांच्या) आत पार्ट, म्हणजे एकेक आवाज, आणि पार्टच्या आत एलिमेंट (सॅम्पलचे थर) किंवा ऑपरेटर. टचस्क्रीनमुळे वाट दिसते, पण चालावी लागतेच. स्टेजवर मात्र लाइव्ह सेटच्या एका पानावर १६ चौकोन असतात. कार्यक्रमाच्या क्रमाने गाणी लावून ठेवा आणि बोट टेकवत जा. परफॉर्मन्समध्ये चारपर्यंत पार्ट ठेवलेत तर बदलताना सूरही तुटत नाही.

माझं मत विचाराल तर ६१ कीजचा मोडीएक्स-६ घ्या, पण सीझन तोंडावर असताना नको. गणपती दोन आठवड्यांवर आले असतील तर एक्सपीएस-३० घ्या आणि कामाला लागा. ऑपसिक्स पुढे कधीतरी दुसरा म्हणून.

सेकंडहँड बघणार असाल तर मागची पट्टी वाचून घ्या. जपानी बाजारातले डीएक्स-७ सारखे जुने सिंथ १०० व्होल्टचे असतात. आपल्या २३० च्या बोर्डात थेट लावला तर जळेल, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि आतली बॅटरी संपली असेल तर मेमरीतले पॅच उडालेले असतात, म्हणून विकणाऱ्याला तुमच्यासमोर बंद करून पुन्हा चालू करायला सांगा.