बंदिश दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तू रागांत बांधलेल्या तिन्ही बंदिशींचं रेकॉर्डिंग मिळालं. शाळेतली संगीतशिक्षिकेची नोकरी घेतली तर रचनाकार म्हणून मी संपेन का, असं विचारलंयस. वाचून हसू आलं, रागावू नकोस.

मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, घेऊन बंदिशी बांधणारी माणसं आठवून बघ. 'सुजन' म्हणजे रातंजनकर, त्यांची किती वर्षं लखनौच्या मॅरिस संगीत कॉलेजात मुलं घडवण्यात गेली! 'रामरंग' म्हणजे रामाश्रेय झा, अलाहाबाद विद्यापीठात शिकवायचे. 'अभिनव गीतांजली' या बंदिशींच्या पुस्तकाचे त्यांचे पाच भाग तुझ्या कपाटात आहेतच. जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास', त्यांचे शिष्य सी. आर. व्यास 'गुणिजन'. प्रभाताई अत्रे एसएनडीटीत संगीत विभागाच्या प्रमुख होत्या, आणि त्यांच्या मारुबिहाग रागातल्या बंदिशी आज गावोगावची मुलं गातात, कुणाच्या ते ठाऊक नसलं तरी. शिकवणं यांच्यापैकी कुणाच्या आड आलं?

माझंच सांगतो. यमन रागात द्रुत त्रितालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात जलद लयीत, एक बंदिश बांधली होती. मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, 'खाली'वरून, म्हणजे तालाच्या नवव्या मात्रेपासून, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, 'पिया'तला 'पि' थेट तार षड्जावर, वरच्या 'सा'वर. मी भलताच खूश होतो. वर्गात बारा वर्षांची एक मुलगी होती, समेवर आली की दर वेळी तिचा आवाज चिमटायचा. दोनदा ओरडलो तिला. तिसऱ्यांदा कान दिला तेव्हा उमगलं: अक्षर ऱ्हस्व, त्यात इकार, आणि तिथेच सगळ्यात उंच सूर. मुलगी बरोबर होती. माझ्या तीस वर्षांच्या रियाजाने रचनेतली खोट झाकून ठेवली होती, इतकंच. मग मुखडा आठव्या मात्रेपासून उचलला, 'या' समेवर आला, त्यातला 'आ' मोकळा झाला. 'खाली'वरून उचलायची सवय मोडली म्हणून आमचे तबलजी आठवडाभर कुरकुरत होते, ते सोड.

तुझ्या भीमपलासी रागातल्या बंदिशीतही तेच होतंय. चाल गोड आहे, पण अंतऱ्यात, म्हणजे दुसऱ्या भागात, तालाच्या एका आवर्तनात बावीस अक्षरं कोंबलीयस. मध्यमावर, म्हणजे 'म'वर, ठेहराव घ्यायचा कधी, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड काढायची कुठे? तू एकटी गातेस तोवर ते निभतं. ब्रज भाषेतले शब्दही जरा कमी कर. अर्थ विचारल्यावर जे तुला सांगता येत नाहीत, ते आधी काढ.

पैशाचं म्हणशील तर मैफलींवर घर चालवू नकोस. मानधनाचं पाकीट घरी येऊन उघडल्यावर काय वाटतं ते मी पाहिलंय. पगार तारखेला येतो. ऑनलाइन शिकवण्याही घे, परदेशातली मराठी मुलं मन लावून शिकतात. मात्र तिथे आवाज मागेपुढे पोचतो, बरोबरीने गाता येत नाही. तू गा, थांब, त्यांना गाऊ दे. सकाळचे दोन तास मात्र कुणालाही विकू नकोस, अगदी शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा.

आणखी एक. एका संस्थेने माझी केदार रागातली बंदिश 'पारंपरिक' म्हणून पुस्तिकेत छापली. भांडायला गेलो, तर माझ्याकडे तारखेचा चिटोरासुद्धा नव्हता. कायद्याने रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो, पण ती आपली आहे हे दाखवायला काहीतरी हातात लागतं. प्रत्येक बंदिशीखाली तारीख आणि सही घाल. भातखंडे स्वरलिपीत मांड, आणि सोबत गाऊन रेकॉर्डही करून ठेव, कारण कण, म्हणजे सुराला हलकेच लागणारा दुसरा सूर, आणि मींड कागदावर अर्धीच उतरते.

नोकरीचा अर्ज या आठवड्यात भर. रविवारी चार वाजता ये, भीमपलासीची वही घेऊन. तुझ्या वाड्यातली ती नववीतली पोरगी मोकळी असेल तर तिलाही आण. अंतरा तिच्याकडूनच गाऊन घेऊ. काकू थालीपीठं लावणार आहे.

– सर