उंच डोंगरांतून मित्रांसोबत लांबची बाईक सफर करायची आहे. तयारी कुठून सुरू करावी?

तुम्ही विचारलंय की आठ मित्र, आठ गाड्या, पंधरा-सोळा दिवस आणि वाटेत ४,००० मीटरच्या वरच्या चार-पाच खिंडी असा बेत आहे; गाडी कोणती योग्य, बरोबर काय न्यावं आणि सुरुवात कुठून करावी? अशा तीन सफरी मी केल्यात. पहिली पुरती फसली, दुसरी कशीबशी निभावली, तिसरी मजेत झाली. गाडी तिन्ही वेळा तीच होती. त्यामुळे गाडीचं उत्तर एका दमात देऊन टाकतो: जी आज तुमच्याकडे आहे, जिच्या सीटवर सहा तास बसून कंबर धरत नाही आणि सामानासकट आडवी झाली तर जी तुम्हाला एकट्याने उभी करता येते, ती.

सुरुवात मात्र नकाशापासून करा. आम्ही पहिल्या वेळी कागदावर किलोमीटर लिहिले होते. रोजचे अडीचशे, बेरीज जुळली, सगळे खूश. उंची कोणी लिहिलीच नव्हती. एक मुक्काम २,००० मीटरवर आणि त्याच्या पुढचा थेट ४,२०० वर. आमच्यातला सगळ्यात सराईत चालवणारा गडी संध्याकाळपर्यंत हसतखेळत होता. रात्री एकला डोकं धरून बसला, मग उलट्या. सकाळी त्याला जॅकेटची चेन लावता येईना आणि चालताना पाय वाकडे पडायला लागले. तो म्हणत होता, ‘काही नाही, झोप नीट झाली नाही.’ त्याला खाली न्यायचं की थांबायचं यावर आम्ही दोन तास वाद घातला. त्या दोन तासांची आजही लाज वाटते. शेवटी एका मालवाहू ट्रकमधून त्याला खाली उतरवलं. २,५०० मीटरच्या आसपास आल्यावर त्याने स्वतःहून ‘भूक लागलीय’ म्हटलं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

कारण साधं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब घटतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो आणि ५,००० मीटरवर निम्म्याहून जेमतेम जास्त. पायी चढणाऱ्याला शरीर जुळवून घ्यायला आपोआप वेळ मिळतो. आपण मात्र अर्ध्या दिवसात दोन हजार मीटर चढून जातो. त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून संध्याकाळी सगळे ठणठणीत आणि मध्यरात्री गोंधळ. गिर्यारोहकांचा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढायची. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली उतरलात तर चालतं. हिशेब झोपायच्या जागेचा ठेवायचा.

त्यासाठी वहीत प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहा, आणि ती पाटीवरून घेऊ नका. लडाखमधल्या खारदुंग ला या खिंडीच्या माथ्यावर वर्षानुवर्षे १८,३८० फुटांची, म्हणजे ५,६०२ मीटरची पाटी होती. उपग्रहाच्या मोजणीत ती खिंड ५,३५९ मीटर भरते. उंचीखेरीज आणखी एक रकाना ठेवा: इथून खाली उतरायला किती वेळ लागतो? हा रकाना मला फार उशिरा सुचला. आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ खिंडीचा माथा २,७५७ मीटर आहे, पण दोन्ही बाजूंना खोल दऱ्या आहेत. तासाभरात माणूस दाट हवेत येतो. मध्य आशियातल्या पामिर पठारावरच्या अक-बैताल खिंडीचं तसं नाही. खिंड ४,६५५ मीटरची, आणि तिच्या एका बाजूचं काराकुल सरोवरच ३,९०० मीटरच्या वर. अशा पठारावर आजारी माणसाला खाली न्यायचं तर काही वेळा आधी आणखी एक खिंड चढावी लागते. जिथे ‘खाली’ दूर आहे, तिथे जाण्याआधी एक रिकामा दिवस ठेवायलाच हवा.

औषधाचं डॉक्टरांना विचारा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं नेहमीचं औषध. ते चढायच्या आदल्या दिवसापासून घ्यायचं असतं, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगायची. त्याने लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात. हे आधी माहीत नसेल तर हँडल धरल्यावर माणूस उगाच घाबरतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर नकोतच.

आणि हे घरीच ठरवा, सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या: डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. सरळ रेषेत, टाचेला बोटं लावत चालता आलं नाही, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. आणि त्या माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही. त्याचं मत विचारायचं नाही. उंचीच्या त्रासाने मेंदूला सूज आलेल्या माणसाला आपण बरे आहोत असंच वाटतं. त्याच्याबरोबर कोण उतरणार, हेही आधीच ठरवा. आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या होत्या. हसू येतं, पण वाद मिटतो.

आता आठ गाड्यांबद्दल. आठ जण एका माळेत चालत नाहीत. चार-चारचे दोन गट करा. प्रत्येक गटात पुढे रस्ता कळणारा, शेवटी शांत डोक्याचा आणि गाडी स्वतः दुरुस्त करता येणारा. हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी त्या शेवटच्याकडे. सगळ्यात नवखा पुढाऱ्याच्या लगेच मागे. बहुतेक गट त्याला शेवटाकडे ठेवतात, मग तो पुढच्यांना गाठायला वळणांवर जीव काढतो. नियम एकच: आपल्या मागच्याचा दिवा आपल्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की हळू व्हा, तरी दिसला नाही तर थांबा. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल, आणि मिनिटा-दोन मिनिटांत पुढाऱ्यापर्यंत निरोप पोचेल, फोनला रेंज असो वा नसो. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही. खडीच्या धुळीत अंतर वाढवावंच लागतं; तिथे फाट्याचा नियम जास्त कडक पाळा.

वाट पाहायची जागा खिंडीचा माथा असू नये. आम्ही एकदा मागच्या दोघांसाठी माथ्यावर पाऊण तास थांबलो. वारा, गारठा, विरळ हवा; ते पोचेपर्यंत आमच्यातल्या दोघांची डोकी दुखायला लागली होती. मागच्याला झालं होतं साधं पंक्चर. आता माथ्यावर फोटोपुरतं थांबतो आणि पलीकडे चार-पाचशे मीटर उतरून वाट पाहतो.

वेळेचा अंदाज सगळेच चुकवतात. आठ गाड्यांत पेट्रोल भरून, हेल्मेट चढवून, हातमोजे शोधून पुन्हा निघायला चाळीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. कच्च्या घाटात, थांबे धरून, तासाला २५ किलोमीटर पडले तरी खूप. दिवसाला दीडशे किलोमीटर धरा, आणि दर पाच दिवसांमागे एक दिवस मोकळा सोडा. तो मोकळा दिवस कधीच मोकळा जात नाही.

पेट्रोलचा हिशेब ज्याची टाकी सगळ्यात लहान, त्याच्यावरून करायचा. ११ लिटरची टाकी आणि सपाटीवर लिटरला ३५ किलोमीटर म्हणजे ३८५. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढासाठी ३० टक्के कापा, उरले २७०. दोन पंपांमधलं अंतर त्याहून जास्त असेल तर कॅन घ्या, पण गळ्यापर्यंत भरू नका आणि वर गेल्यावर झाकण हळूहळू उघडा. बाहेरचा दाब घटलेला असतो, पेट्रोल अंगावर फसफसतं.

इंजिनालाही धाप लागते. ५,००० मीटरवर ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण स्वतः जुळवते, पण नसलेली हवा कुठून आणणार? कार्ब्युरेटरची गाडी तर वर पेट्रोल जास्त पिते, प्लग काळा होतो, गाडी गुदमरते. लहान जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक नळी, लागतो आणि तो बसवायला गटातल्या एकाला तरी यायला हवं. एअर फिल्टर स्वच्छ हवा, आणि चढ दिसला की गिअर आधीच उतरवायचा. मागे माणूस बसवून शिवाय सामान, असा विचार असेल तर दोनदा विचार करा.

टायरच्या हवेची एक गंमत. समुद्रसपाटीला ३० पीएसआय भरलेला टायर ५,००० मीटरवर, थंडीचा हिशेब धरूनही, ३४च्या आसपास दाखवतो, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. खडीवर तो टणक लागतो, म्हणून लोक हवा काढतात. काढायला हरकत नाही, पण खाली उतरल्यावर भरायला विसरतात आणि पहिल्याच खड्ड्यात रिम वाकते. म्हणून गेज आणि हातपंप प्रत्येक गटात हवाच.

उतारावर ब्रेकवर बसून राहू नका. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेक ऑइल निघण्याआधी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं: नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ अंशांपर्यंत घसरू शकतं. लांब उतारावर तापलेल्या डिस्कमुळे तेवढी उष्णता चढू शकते, आणि मग लिव्हर मऊ पडतो. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन आठवडे आधी करा आणि नंतर चारशे-पाचशे किलोमीटर चालवा. मेकॅनिकच्या हातून सैल राहिलेला बोल्ट घराजवळ सापडलेला बरा.

बर्फ वितळून वाहणारे ओढे सकाळी घोट्याइतके असतात आणि दुपारनंतर गुडघ्यापर्यंत चढतात; ऊन पडलं की वर बर्फ वितळतो. त्यामुळे ओढ्यांचा दिवस असेल तर पहाटे निघा. आधी एकाने पायी जाऊन तळ पाहायचा. मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर, एका वेळी एकच गाडी. क्लच अर्धा दाबून घिसटत राहिलात तर प्लेटा जळतात. आणि गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सफर तिथेच संपते. आधी प्लग काढा, पाणी बाहेर येऊ द्या.

सुट्या भागांत क्लच वायर, दोन्ही लिव्हर, फ्यूज, ट्यूब, चेनची कडी, प्लग. नवी क्लच वायर जुनीच्या शेजारीच टेप लावून ठेवा. तुटली की फक्त टोकं जोडायची. आमच्या एकाचा क्लच लिव्हर मुळाशी मोडला आणि जादा लिव्हर दुसऱ्या गटाकडे होता. उरलेल्या खुंटाला ग्रिप प्लायर (आवळून बसणारी पकड) लावून त्याने ऐंशी किलोमीटर काढले.

कपड्यांत वाऱ्याचा विचार करा. ५ अंश तापमानात ६० च्या वेगाने गाडी चालवली तर अंगाला उणे २ अंशांसारखं लागतं. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, आणि हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक भिजणारच. सामान जड ते खाली, रबरी हुकांऐवजी पट्ट्यांनी आवळून.

पैशांचं एकच: सामायिक खर्चाची रक्कम आधीच गोळा करून एकाकडे द्या आणि त्याला हिशेब विचारून छळू नका.

निघायच्या महिनाभर आधी सगळ्यांनी, पूर्ण सामान लादून, दोन दिवसांची चाचणी सफर करा, शक्यतो पावसात. कोण सकाळी दोन तास उशिरा उठतो, कोणाची गाडी ऑइल गाळते आणि कोणाचं कोणाशी पटत नाही, ते सगळं तिथे कळतं. एक-दोघे तिथे गळतील. वाईट वाटून घेऊ नका, पण सामायिक सामान त्याच दिवशी पुन्हा वाटून घ्या. दुसऱ्या सफरीत आमचा हातपंप न आलेल्या मित्राच्या घरी राहिला होता, आणि ते आम्हाला पहिल्या पंक्चरला कळलं.