आधी ठरव, काय हलणार नाही

प्रिय,

"क्लायंट रोज नवीनच काहीतरी सांगायलाय, आणि साहेब वर्षभराचा प्लॅन मागायलेत." तुझ्या पत्रातलं हे वाक्य वाचून हसू आलं, कारण लातूर असो की संभाजीनगर, टीम लीड झालेलं प्रत्येक पोरगं पहिल्या वर्षात हेच लिहितं.

टीममधली मुलं म्हणतात, आपण अजाईल आहोत, म्हणजे थोडं थोडं करत, बदल घेत पुढं जाणारे, मग प्लॅन कशाला? त्यांना अजाईलचा जाहीरनामा पूर्ण वाचायला सांग. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी तो लिहिला. ठरलेला प्लॅन पाळण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, असं त्यात आहे खरं. पण प्लॅनलाही किंमत आहे, हेही तिथंच लिहिलंय. ही दुसरी ओळ ट्रेनिंगच्या स्लाइडवरून का गळते, देव जाणे.

आता तुझ्या ॲपकडं येऊ. शेतकरी कंपनीसाठी सोयाबीन खरेदीचं ॲप. ऑक्टोबरात माल यायला लागला की काट्यावर रांग लागणार. ती तारीख तुझ्या साहेबांच्या हातात नाही आणि क्लायंटच्याही नाही. म्हणजे तारीख पक्की, हलवायचा तो कामाचा आवाका. नोंदणी, वजन, ओलावा, पावती एवढं चाललं तर खरेदी होते. रंगीत आलेखांवाचून कुणाचं पोतं अडत नाही.

मग डोकं कुठं लावायचं? जे नंतर बदलायला महाग पडेल तिथं. गावात रेंज गेली तरी पावती निघाली पाहिजे, हे तुला पहिल्या महिन्यातच ठरवावं लागेल. ऑफलाइनचा विचार न करता सगळं उभं केलंस आणि सप्टेंबरात तो आठवला, तर अर्धं ॲप उकरावं लागेल. त्यावर दोन दिवस वाद झाला तरी चालेल, होऊ दे. बटणं कुठं, यादी कशी लावायची, यावर मात्र अर्धा तासही घालवू नकोस. ते वापरणारेच सांगतील.

ओलाव्याचं उदाहरण मला फार आवडतं. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हंगामात, केंद्रानं त्या हंगामापुरती ती मर्यादा १५ टक्के केली. ज्याच्या कोडमध्ये १२ हा आकडा दहा ठिकाणी कोरलेला असेल त्याची त्या दिवशी काय धांदल उडाली असेल! तोच आकडा सेटिंगमध्ये ठेवला असेल तर पाच मिनिटांचं काम. सरकार नेमकं काय बदलेल हे कुणालाच आधी कळत नाही. पण असले आकडे बदलतात एवढं तरी आपल्याला माहीत असतं. लवचीकपणाची जागा अशी आधी राखून ठेवावी लागते, आणि ती राखणं हेही प्लॅनिंगच.

रोजच्या नव्या मागण्यांसाठी स्प्रिंट गोल वापर, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या एका टप्प्याचं एकच ध्येय. अशा टप्प्यांनी काम करायच्या पद्धतीचा, म्हणजे स्क्रमचा, नियम सोपा आहे: स्प्रिंट चालू असताना गोल धोक्यात येईल असा बदल करायचा नाही, पण कामाचा आवाका प्रॉडक्ट ओनरशी, म्हणजे काय आधी बनवायचं ते ठरवणाऱ्याशी, बोलून कमीजास्त करता येतो. तुमच्या बोर्डावर गोल म्हणून बारा टिकिटांची, म्हणजे सुट्या कामांची, यादी चिकटवलेली आहे. मग नवीन मागणीला 'हो' म्हणायचं की 'थांब', हे ती मुलं कशावरून ठरवणार? एकच वाक्य लिही: "या स्प्रिंटअखेर एका काट्यावर नेटशिवाय पावती निघेल."

परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पाऊस लांबला तर त्याप्रमाणं पिकं बदला. दुबार पेरणी काय असते हे तुझ्या घरी नव्यानं सांगायला नको. तसेच दोन-चार जर-तर तूही लिहून ठेव. ऑगस्टअखेर ऑफलाइन पावती चालली नाही, तर अहवालाचं काम थांबेल. वजनकाटा ब्लूटूथनं जोडला गेला नाही, तर आकडा हातानं टाकायची सोय आधी होईल. हे शांत डोक्यानं जुलैतच लिही. ऑक्टोबरात रांगेसमोर उभं राहून असले निर्णय होत नाहीत, फक्त आरडाओरडा होतो.

साहेबांना वर्षाचा प्लॅन जरूर दे. त्यात पुढचे दोन स्प्रिंट बारकाईनं, तिमाही ढोबळ, आणि पुढं नुसती दिशा लिही: यंदा सोयाबीन, मग तूर. फीचरनिहाय तारखा मागतील. देऊ नकोस, दिल्यास तर त्याच तारखा वर्षभर तुझ्या गळ्यात पडतील.

पुढच्या प्लॅनिंगआधी ते एक वाक्य आणि जर-तरच्या ओळी मला पाठव. आणि क्लायंटच्या बैठकीला एकटी जाऊ नकोस, प्रॉडक्ट ओनरला सोबत ने. 'नाही' म्हणायचं काम त्याचं आहे, आणि सध्या ते तूच करायलीस.

तुझा,
सर