कापड तुझं, नाव त्यांचं

अगं,

तुझा मेसेज वाचून आधी वाईट वाटलं, आणि मग खरं सांगू का, चिडचिडच झाली. कंपनीचं लायसन्स्ड, म्हणजे त्यांच्या परवानगीने डिझाइन छापलेलं, कापड विकत आणून तू पाऊच शिवतेस, आणि नोटीस येऊन विक्रीच्या साइटवरून त्यातलं एक लिस्टिंग उडालं म्हणून शिवणंच बंद करायचा विचार करतेयस, आणि घाबरलीस कशाला तर कापडाच्या किनारीवर बारीक अक्षरात 'फक्त घरगुती वापरासाठी' असं छापलंय त्याला. आणि लिस्टिंगच्या टायटलमध्ये कंपनीचं नाव सगळ्यात पुढे, तुझं कुठेच नाही, त्याचं काहीच वाटत नाही?

किनारीचं आधी उरकते. अमेरिकेत एका प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं, एक डॉलरपेक्षा स्वस्त विकाल तर कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या मोठ्या दुकानाने ते 89 सेंटला विकलं, आणि 1908 साली सुप्रीम कोर्टाने प्रकाशकाचा दावा फेटाळला. एकदा रीतसर विकलेली वस्तू पुढे विकायला नुसती छापील सूचना आडवी येत नाही, 'फर्स्ट सेल' म्हणतात ते हेच. 1997 मध्ये प्रेशस मोमेंट्स या ब्रँडच्या अस्सल कापडापासून शिवलेल्या बेडिंगवरही तिथे कॉपीराइटचा दावा टिकला नाही. (दुसऱ्या देशात विकणार असशील तर तिथला कायदा वेगळा बघ. आणि डिझाइन स्कॅन करून स्वतःच छापलेलं कापड असेल तर यातलं काहीच तुला लागू नाही.)

पण हे झालं कॉपीराइटचं. ट्रेडमार्कचा प्रश्न एकच, घेणाऱ्याला असं वाटेल का की ही वस्तू कंपनीनेच बनवलीय किंवा त्यांच्या परवानगीने बनलीय? हा गैरसमज होऊ द्यायचा नाही. बास.

1947 ची चॅम्पियन स्पार्क प्लगची केस बघ. जुने प्लग दुरुस्त करून विकणाऱ्याला कोर्टाने चॅम्पियन हे नाव ठेवू दिलं, पण प्लगवर 'दुरुस्त केलेला' किंवा 'वापरलेला' असं दिसेल असं लिहायला लावून. व्हॉर्टिक नावाची छोटी कंपनी हॅमिल्टनच्या जुन्या खिशातल्या घड्याळांची मनगटी घड्याळं करते, डायलवर हॅमिल्टन हे नाव तसंच दिसतं, तरी 2021 मध्ये अपिलातही व्हॉर्टिकच जिंकली, कारण जुनं काय, आपण काय केलं आणि हॅमिल्टनशी आपला संबंध नाही हे ते उघड सांगत होते. गैरसमज होऊ दिला नाही ना!

मी आजही टायटलमध्ये माझंच नाव टाकते आणि लगेच खाली, 'अमुक कंपनीचं अस्सल लायसन्स्ड कापड वापरून मी हाताने शिवलेलं, कंपनीशी संबंध नाही, त्यांची मान्यता नाही.' आतल्या शिलाईत टॅगवरही तेच, कारण पाऊच गिफ्ट म्हणून दुसऱ्याच्या हातात जातो तेव्हा लिस्टिंग कोण बघतं? याने सर्चमध्ये मी मागे पडले, माझ्यापेक्षा वाकडी शिलाई करणाऱ्यांचा माल धडाधड खपला, आणि हो, त्याचं अजून वाईट वाटतं. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत, माझ्याकडून घेणाऱ्याचा गैरसमज होत नाही.

नुसती ओळ टाकली म्हणजे सुटलो असंही नाही हं. वर त्यांचा लोगो ठळक आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'संबंध नाही', ही शुद्ध लबाडी.

आता कर काय, तर नोटीस कॉपीराइटची आहे की ट्रेडमार्कची ते आधी वाच, कारण अमेरिकेतल्या डीएमसीए या कॉपीराइटच्या कायद्याखालची काउंटर नोटीस, म्हणजे तक्रारीला आपलं उलट उत्तर, फक्त कॉपीराइटला चालते. आणि साइट म्हणजे कोर्ट नव्हे, तक्रार आली की ते लिस्टिंग काढून मोकळे होतात, त्यावरून तू गुन्हा केलास असं ठरत नाही. कापडाची बिलं शोधून ठेव, टायटल आजच बदल, आणि मला त्या नोटिशीचा पूर्ण फोटो पाठव, मागच्या वेळेसारखा अर्धा कापलेला नको.