वडिलांच्या सहा बरगड्या मोडल्यात, पण ना प्लास्टर ना ऑपरेशन. हे बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील 71 वर्षांचे आहेत, जिन्यावरून पडले, डावीकडच्या चौथीपासून नववीपर्यंत सहा बरगड्या मोडल्या, आणि वॉर्डात त्यांना नुसती वेदनाशामकं आणि ‘तीन गोळ्यांचं फुंकायचं खेळणं’ दिलंय. आधी एक दुरुस्ती करतो. ते खेळणं म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र (स्पायरोमीटर), आणि ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. नळी तोंडात धरून श्वास सावकाश आत घ्यायचा, आतल्या प्लास्टिकच्या गोळ्या वर टिकवायच्या. हे उलटं करणारे पेशंट मला राउंडला हमखास भेटतात, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत निम्मा उपचार त्या खेळण्यातच आहे.

मी छातीच्या दुखापतींचा सर्जन आहे. बरगड्यांना प्लेटा मीही बसवतो, म्हणजे ऑपरेशनशी माझं काही वाकडं नाही. पण प्लास्टरचं म्हणाल तर मोडलेला हात महिनाभर हलू दिला नाही तरी चालतं, छाती मात्र दिवसाला वीसेक हजार वेळा हलावीच लागते. पूर्वी रुंद चिकटपट्ट्यांनी छाती आवळून बांधायचे. दुखणं जरा कमी व्हायचं, पण फुफ्फुस पुरतं फुगायचं नाही, कफ साचायचा आणि न्यूमोनिया व्हायचा. म्हणून ते बंद झालं. कोणी शेजारचा पट्टा बांधा म्हणाला तर ऐकू नका.

आता सिटी स्कॅनचा रिपोर्ट काढा (साध्या एक्स-रेत बरीच फ्रॅक्चर दिसतच नाहीत). किती मोडल्या हे सगळेच मोजतात. आम्ही त्यासोबत कोणत्या मोडल्या ते बघतो. पहिल्या दोन-तीन मोडायला जबर मार लागतो, तेव्हा मोठ्या रक्तवाहिन्यांची काळजी वाटते. डावीकडच्या खालच्या मोडल्या तर प्लीहा, उजवीकडे यकृत. तुमच्याकडे नववी आहे, तेव्हा प्लीहा ठीक आहे ना, एवढं विचारून घ्या. मग टोकं किती सरकलीत ते येतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, तज्ज्ञांच्या एकमताने ठरलेल्या वर्गीकरणानुसार टोकांचा 90 टक्क्यांहून जास्त भाग एकमेकांना भिडलेला असेल तर फ्रॅक्चर न सरकलेलं, त्याहून कमी भिडलेला असेल तर थोडं सरकलेलं, आणि अजिबात भिडत नसेल तर पूर्ण सरकलेलं.

आणि एक शब्द रिपोर्टात शोधाच: फ्लेल. लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या की मधला तुकडा सुटा होतो. पेशंट श्वास घेतो तेव्हा बाकीची छाती वर येते आणि तेवढा भाग आत खचतो. पांघरूण काढून पायथ्याशी उभं राहिलं की नुसत्या डोळ्यांना दिसतं. मात्र स्कॅनमध्ये फ्लेल असूनही छाती नीट हलणारे पेशंट असतात, त्यामुळे शब्द दिसला म्हणून लगेच हादरू नका.

वयाचं मात्र गोड बोलून सांगता येणार नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बरगड्या मोडून दाखल झालेल्या 65 वर्षांवरच्यांपैकी 22 टक्के दगावले, त्याहून तरुणांत 10 टक्के. ज्येष्ठांमध्ये दर वाढीव बरगडीमागे मृत्यूचा धोका 19 टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा 27 टक्क्यांनी वाढत गेला. त्यांत इतर मोठ्या दुखापती असलेलेही होते, त्यामुळे हे आकडे तुमच्या वडिलांना जसेच्या तसे लावू नका. पण सहा बरगड्या आणि सत्तरी म्हटलं की मी पेशंटला घरी सोडत नाही.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. छातीशी उशी धरायला लावतो आणि म्हणतो, खोका. दणकून खोकला आला तर मी निर्धास्त. नुसतं ‘खुस्स’ झालं, कपाळाला आठी पडली, तर औषध कमी पडतंय. इथे ज्येष्ठ मंडळी फसवतात. दुखतं का विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण हललं नाही, श्वास उथळ घेतला, तर खरंच दुखत नाही! आणि बिघडतं ते बहुधा पहिल्या दिवशी नाही, दोन-चार दिवसांनी. वेदनाशामक गोळ्या पुरत नसतील तर भूलतज्ज्ञ पाठीतून बारीक नळी घालून किंवा नसांचा ब्लॉक देऊन ती बाजू बधिर करतात. ते विचारायला संकोचू नका.

प्लेटांचं काय? छाती खचत असेल, टोकं फार सरकली असतील, किंवा सगळं देऊनही खोकता येत नसेल, तर मी ऑपरेशनचा विचार करतो, आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच. जपानमधल्या 2002 सालच्या 37 पेशंटच्या चाचणीत प्लेटा बसवलेल्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस आणि न्यूमोनिया दोन्ही कमी झाले. 2022 सालच्या 207 पेशंटच्या चाचणीत सरसकट तसा फरक दिसला नाही, आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्यांना मात्र फायदा दिसला. तुमचे वडील स्वतः श्वास घेताहेत, जेवताहेत. टोकं फारशी सरकलेली नसतील तर मीही थांबलो असतो.

ताप, हिरवट-पिवळा बेडका, वाढती धाप, किंवा काल वर जाणारी गोळी आज न उचलणं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट न बघता सिस्टरना सांगा. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, दुखणं त्याहून लांबू शकतं. मधल्या काळात कुशीवर वळताना आत ‘कट्’ वाजेल. ती टोकं एकमेकांवर घासतात, आणि जुळत आली की तो आवाज आपसूक थांबतो.