वाड्यांचे प्रश्न : ओल, खण आणि सफेदीखालची चित्रे

प्रश्न : आमचा वाडा बडोद्याच्या रावपुऱ्यात, तांबेकर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. 2024 च्या पुरानंतर तळमजल्याच्या भिंतींचा गिलावा कंबरेइतक्या उंचीपर्यंत फुगून गळू लागला आहे आणि विटांवर पांढरा खार दिसतो. दहा वर्षांपूर्वी वडिलांनी येथे सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. कंत्राटदार म्हणतो की पुन्हा सिमेंटच करावे, फक्त त्यात पाणी अडवणारे रसायन घालावे. आपले मत काय?

उत्तर : कंत्राटदाराचा सल्ला कृपा करून मानू नये. पूर हे निमित्त झाले. दुखणे त्या दहा वर्षांपूर्वीच्या गिलाव्यात आहे. वाड्याची भिंत विटा, माती आणि चुना यांची असते. जमिनीतली ओल तिच्यात थोडीफार चढतेच, परंतु चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो आणि भिंत दर उन्हाळ्यात सुकते. सिमेंटच्या घट्ट थराने ही वाट बंद झाली की ओल वाट सापडेपर्यंत वर चढत राहते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साचून त्याचे पापुद्रे सुटतात. रसायन घातल्याने ती आणखी वर, कदाचित थेट माडीच्या तुळयांपर्यंत जाईल. तांबेकर वाडा ज्यांचा, ते भाऊ तांबेकर 1849 ते 1854 या काळात बडोदे संस्थानाचे दिवाण होते. पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले ते 1914 साली. आपला वाडाही तांबेकर वाड्याच्या पिढीचा असेल, तर त्याच्या बांधणीत सिमेंट गृहीतच धरलेले नाही.

भिंतीपेक्षा मला काळजी वाटते ती खांबांची. वाड्याचा भार खांब आणि तुळया यांच्या सांगाड्यावर असतो, भिंती बऱ्याच ठिकाणी केवळ आडोसा म्हणून उभ्या असतात. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा असतो आणि त्याचे काम एकच, लाकडाचा पाय ओल्या जमिनीपासून वर ठेवणे. आता आपल्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, जाऊन पाहावे : तळखडे दिसतात का? बहुतेक घरांत शहाबादीवर मोझेक आणि मोझेकवर चकचकीत टाइल्स अशी फरशीवर फरशी चढत गेली, आणि तळखडा तिच्याखाली गाडला गेला. (रस्त्याचेही तसेच. दारापुढे पूर्वी किती पायऱ्या होत्या हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. निम्म्या तरी डांबराने गिळलेल्या असतात आणि पावसाचे पाणी आत येते ते त्यामुळेच.) खांबाच्या पायाशी पेचकस हलक्या हाताने दाबून पाहावा. टोक जेमतेम रुतत असेल तर सागवान शाबूत आहे. बोटाच्या पेरापर्यंत सहज शिरले, तर आतून कूज किंवा वाळवी आहे असे समजून, गिलाव्याच्या आधी, जाणत्या सुताराला बोलवावे. वरच्या तुळईला टेकू देऊन खांबाचा कुजलेला भाग तेवढाच कापता येतो आणि मुरलेल्या सागाचा तुकडा तिरकस सांध्याने जोडता येतो. त्यासाठी सबंध खांब बदलण्याचे कारण नाही, आणि त्याच्या जागी लोखंडी गर्डर तर मुळीच नको.

कामाचा क्रम असा ठेवावा. ओल चढली आहे त्याच्या हातभर वरपर्यंत सिमेंटचा थर काढून टाकावा आणि भिंत पूर्ण एक उन्हाळा उघडी ठेवावी. हे घरच्यांना सहन होत नाही, पाहुणे काय म्हणतील असे वाटते. पण घाई केली की पुन्हा तेच. सुटलेला खार कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये, कारण तो विरघळून परत आत जातो. नंतर, कळीचा चुना विरवून किमान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा आणि एक भाग चुन्याला तीन भाग वाळू या प्रमाणात पातळ थरांनी गिलावा करावा. तळाच्या ओलसर पट्ट्यात थोडी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, मिसळावी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होतो, म्हणून प्रत्येक थराला वेळ द्यावा लागतो. वरून सफेदी चुन्याचीच असावी. त्यावर ऑइलपेंट दिल्यास सगळे कष्ट वाया जातील.

एक कायद्याची गोष्ट. तांबेकर वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा वास्तूच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. जुन्या घराची दुरुस्ती बंदीच्या पट्ट्यातही करता येते, मात्र सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

प्रश्न : आजोबांच्या वाटणीपत्रात ‘माजघर दोन खण, माडी चार खण’ असे लिहिले आहे. याचे चौरस फूट किती होतात?

उत्तर : ठरीव आकडा देता येणार नाही, कारण खण ही फुटपट्टीची मोजणी नव्हे. दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण. तो किती रुंद असावा हे मिळालेल्या लाकडावर आणि सुताराच्या अंदाजावर ठरे, त्यामुळे शेजारच्या दोन वाड्यांचे खणही सारखे भरत नाहीत. माजघरात उभे राहून छताकडे पाहावे, तुळया मोजाव्यात आणि तेच गाळे जमिनीवर टेपने मोजावेत. वाटणी खणांत करण्यात शहाणपण होते : भिंत घालायची वेळ आली तर ती तुळईखाली येई आणि सांगाड्याला धक्का लागत नसे.

प्रश्न : माडीवरच्या खोलीत सफेदीचे पोपडे निघाले, तेव्हा खाली निळ्या आणि तांबड्या रंगाच्या रेषा दिसल्या. सगळी सफेदी खरवडून काढावी का?

उत्तर : हात लावू नये. बडोद्यात श्रीमंत घरांच्या भिंती रंगवून घेण्याची चाल होती. तांबेकर वाड्यात कृष्णकथा आणि महाभारत यांच्या शेजारी इंग्रज-मराठे लढायांचेही प्रसंग आहेत. कोरड्या गिलाव्यावर काढलेल्या चित्रांचा रंग बहुधा डिंकासारख्या द्रव्याने धरलेला असतो, त्यामुळे ओले फडके फिरवले की रेषाही जाते, आणि वार्निश दिले की कालांतराने सगळे पिवळे पडते. दिसतो तेवढा भाग बाजूने उजेड पाडून टिपून ठेवावा, जवळ मोजपट्टी धरावी, आणि ती छायाचित्रे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागात नेऊन दाखवावीत. त्या भिंतीच्या वरचे छप्पर मात्र पावसाळ्यापूर्वी शाकारून घ्यावे. आणि दिवाळीच्या सफेदीवाल्याला यंदा त्या माडीचा जिना चढू देऊ नये.