समानार्थी शब्द: सुरुवात कुठून करायची?

तासगावहून रोज एसटीनं सांगलीला अभ्यासिकेत येतोस, म्हणजे जाता-येता वेळ आहे हाताशी. पण स्टाफ सिलेक्शनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या परीक्षेसाठी घेतलेली ती इंग्रजी समानार्थी शब्दांची भलीमोठी यादी आधी बाजूला ठेव. 'ए'पासून पाठ करायला बसलेले बहुतेक जण 'सी' यायच्या आत गळतात.

शब्द गटानं घे. पॉव्हर्टी (गरिबी) तुला येतोच, त्याला पेन्युरी, इंडिजन्स, डेस्टिट्यूशन जोड. वैराचा गट: एनमिटी, ॲनिमॉसिटी, रँकर. दिवसाला एक गट, बास. प्रत्येक शब्दावर एक वाक्य स्वतः कर, तेही आपल्या भागातलं. दुष्काळात जनावरं विकावी लागलेल्या घरावर वाक्य केलंस की पेन्युरी डोक्यात बसलाच म्हणून समज.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- व्हेरॅसिटी म्हणजे खरेपणा, व्होरॅसिटी म्हणजे खादाडपणा. पेपर काढणाऱ्यांना अशा जोड्या फार आवडतात! वहीच्या शेवटच्या पानावर त्या वेगळ्या लिही.
- नामाला समानार्थी नामच हवं. ॲनिमॉसिटीला होस्टिलिटी चालेल, होस्टाइल नाही, ते विशेषण.
- नुसता मराठी अर्थ लिहून थांबू नकोस. मॉब आणि काँग्रिगेशन दोन्ही जमावच, पण दगडफेक करतो तो मॉब, प्रार्थनेला जमतं ते काँग्रिगेशन.

शब्दांची लॅटिन-ग्रीक मुळं, जाडजूड थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) सध्या नकोच. स्टाफ सिलेक्शनच्या जुन्या प्रश्नपत्रिका मात्र सोडव, बरेच शब्द फिरून येतात. रविवारी आठवड्याचे गट न बघता लिहून काढ; अडलेले सोमवारी परत घे.